सोलर वॉटर हीटरला तापमान सेन्सर बसवताय? आधी जागा ठरवा, मग वायर ओढा

थंडी सुरू झाली की सकाळी घरोघरी एकच प्रश्न ऐकू येतो, "सोलरचं पाणी तापलंय का?" निफाड, दिंडोरीच्या द्राक्ष पट्ट्यात डिसेंबर-जानेवारीत पारा कधी कधी पाच अंशांच्याही खाली उतरतो. अशा सकाळी गच्चीवरच्या टाकीत पाणी किती गरम आहे, हे खाली न्हाणीघरात उभ्या असलेल्या माणसाला कळत नाही. मग कोणी नळ सोडून बादलीभर गार पाणी वाया घालवतं, तर कोणी "असू दे, लागेल" म्हणत बॅकअप हीटरचं बटण रात्रभर चालूच ठेवतं. बिल आल्यावर मात्र डोक्याला हात लागतो.

यावर उपाय म्हणजे टाकीला तापमान सेन्सर बसवणे. गच्चीवरून एक बारीक वायर खाली आणली की स्वयंपाकघरातल्या छोट्या डिस्प्लेवर आकडा दिसतो. ४५ अंश दिसले तर आंघोळी उरकतील, ३० दिसले तर हीटर लावायचा. इतकं सोपं.

अडचण एकच आहे. सेन्सर जिथे लावला असेल तिथलंच तापमान तो सांगतो. जागा चुकली तर आकडा खोटा येतो. त्याच आकड्यावर हीटर आपोआप चालू-बंद होत असेल तर एकतर बिल वाढतं, नाहीतर पाणी अंग पोळण्याइतकं तापतं. म्हणून सेन्सर कोणता घ्यावा, कुठे लावावा, वायर कशी ओढावी आणि कुठे हात लावू नये, याची ही सविस्तर माहिती.

■ आपल्या गच्चीवर नेमकं काय आहे?

सेन्सरची जागा यंत्रणेच्या प्रकारावर ठरते. गावाकडे साधारण तीन प्रकार दिसतात.

१) काचेच्या नळ्यांचा सोलर : उतरत्या काचेच्या नळ्या आणि त्यांच्या वरच्या टोकाला आडवी टाकी. नळीत तापलेलं पाणी हलकं होऊन आपोआप टाकीत चढतं आणि गार पाणी खाली उतरतं. पंप लागत नाही. बहुतेक घरांवर हाच असतो.

२) सपाट पॅनलचा सोलर : काचेखाली काळा पत्रा आणि तांब्याच्या नळ्या. टाकी पॅनलपेक्षा उंचावर असेल तर यातही पाणी आपोआप फिरतं.

३) पंपाचा सोलर : वसतिगृह, आश्रमशाळा, दवाखाना, दूध संकलन केंद्र अशा ठिकाणी पॅनल छतावर आणि मोठी टाकी खाली असते. पाणी फिरवायला पंप लागतो आणि तो कधी चालवायचा हे सेन्सरवरच ठरतं.

पहिल्या दोन प्रकारांत एक सेन्सर पुरतो. तिसऱ्यात किमान दोन लागतात.

■ टाकीतलं पाणी थरांनी राहतं

ही गोष्ट समजली की निम्मं काम झालं. गरम पाणी हलकं म्हणून वर राहतं, गार पाणी जड म्हणून तळाशी बसतं. सकाळी दोघांच्या आंघोळी झाल्या की वापरलेल्या पाण्याइतकं गार पाणी तळातून आत येतं. त्या वेळी एकाच टाकीत वर ५५ अंश आणि खाली ३० अंश, असं सहज होऊ शकतं. दोन्ही आकडे खरेच असतात, फक्त जागा वेगळी. म्हणून सेन्सर कशासाठी हवा हे आधी ठरवावं.

• फक्त पाणी किती गरम आहे हे बघायचं असेल, तर सेन्सर टाकीच्या वरच्या भागात, गरम पाणी बाहेर पडतं त्या तोंडाजवळ हवा. नळाला येणारं पाणी तिथूनच निघतं.

• बॅकअप हीटर आपोआप चालवायचा असेल, तर सेन्सर हीटरच्या कॉइलच्या थोडा वरच्या पातळीवर हवा. कॉइलच्या खालचं पाणी कॉइलमुळे फारसं तापत नाही, कारण उष्णता वरच जाते. सेन्सर कॉइलच्या खाली बसला तर वरचं पाणी उकळायला आलं तरी तो "अजून गार आहे" असंच सांगत राहतो आणि हीटर बंद होत नाही.

• पंप चालवायचा असेल, तर टाकीचा सेन्सर तळाच्या भागात हवा. पॅनलकडे जाणारं गार पाणी तिथून निघतं.

■ सेन्सर कोणता घ्यावा?

बाजारात तीन प्रकार मिळतात. डिस्प्ले किंवा कंट्रोलर ज्या प्रकारासाठी बनला आहे तोच सेन्सर घ्यावा. एकाच्या जागी दुसरा चालत नाही.

एनटीसी १०के : सर्वांत स्वस्त आणि सगळीकडे मिळणारा. २५ अंशांना याचा रोध १०,००० ओहम असतो आणि तापमान वाढलं की रोध कमी होतो. टाकीसाठी चांगला. वायर लांब गेली तरी आकड्यात फारसा फरक पडत नाही.

पीटी१००० : शून्य अंशाला १,००० ओहम. दर अंशाला साधारण पावणेचार ते चार ओहम वाढतात. जास्त उष्णता सहन करतो, म्हणून पॅनलवर लावण्यासाठी हाच बहुतेकदा वापरतात. याचाच भाऊ पीटी१००. पण तो दोन वायरींवर लांब ओढला तर आकडा चुकतो. अर्धा चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर २० मीटर ओढली तर जाऊन-येऊन सुमारे दीड ओहमची भर पडते. पीटी१०००मध्ये त्याने अर्ध्या अंशाचाही फरक पडत नाही, पीटी१००मध्ये मात्र जवळपास चार अंशांचा पडतो.

डीएस१८बी२० : डिजिटल सेन्सर. याला तीन वायरी असतात. आयटीआय किंवा डिप्लोमा करणारी मुलं घरीच छोटा बोर्ड जोडून मोबाइलवर तापमान दाखवतात, तो बहुधा हाच. याची कमाल मर्यादा १२५ अंश आहे, शिवाय स्टीलच्या टोपणात मिळणाऱ्या सेन्सरची वायर बहुतेकदा साध्या पीव्हीसीची असते. त्यामुळे टाकीसाठी ठीक, पॅनलसाठी नाही. यात एक फसगत होते. वीज आल्याबरोबर किंवा जोडणी ढिली असल्यास हा सेन्सर नेमका ८५ अंश हा आकडा दाखवू शकतो. सोलरमध्ये ८५ अंश खरंही वाटतं. आकडा ८५ वरच अडून राहिला, जरासुद्धा हलला नाही, तर तो पाण्याचा आकडा नाही, जोडणी तपासावी.

■ बसवण्याआधी घरातच तपासा

गच्चीवर चढण्याआधी सेन्सर खरा आहे की नाही हे स्वयंपाकघरातच कळतं.

बर्फाची चाचणी : पेल्यात बारीक केलेला बर्फ भरून भिजेल इतकंच पाणी टाकावं. चांगलं ढवळून सेन्सर मधोमध धरावा. तीन-चार मिनिटांनी आकडा शून्याच्या जवळ यायला हवा. एखाद्या अंशाचा फरक चालतो.

उकळत्या पाण्याची चाचणी : पातेल्यात पाणी खळखळ उकळू द्यावं. सेन्सर पाण्यात धरावा, पातेल्याच्या तळाला टेकवू नये. इथे एक गंमत आहे. आकडा १०० येणार नाही. नाशिक परिसर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे आणि इतक्या उंचीवर पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. त्यामुळे ९८ दिसले तर सेन्सर बिघडला असं समजू नये, तो बरोबर सांगतोय.

घरात मल्टिमीटर असेल तर तो ओहमवर ठेवून पुढचे आकडे जुळवून पाहावेत. एनटीसीच्या मेकनुसार थोडा फरक पडतो.

एनटीसी १०के : २५ अंशांना १०,००० ओहम, ४० ला सुमारे ५,३००, ६० ला सुमारे २,५००, ८० ला सुमारे १,२५०.

पीटी१००० : २५ अंशांना सुमारे १,०९७ ओहम, ४० ला १,१५५, ६० ला १,२३२, ८० ला १,३०९.

■ साहित्य काय लागेल?

• सेन्सर आणि त्याच्याशी जुळणारा डिस्प्ले किंवा कंट्रोलर
• टाकीला खिसा नसेल तर पितळी किंवा स्टीलची सेन्सर नळी, म्हणजे एका टोकाला बंद आणि दुसऱ्या टोकाला आटे असलेली पोकळ नळी (दुकानात "थर्मोवेल" म्हणून मागावी)
• थर्मल पेस्ट, टेफ्लॉन टेप
• अॅल्युमिनियमची चिकटपट्टी, स्टीलचा क्लॅम्प, पाइपावर चढवायचं काळं फोम
• वायर, पीव्हीसी पाइप आणि पाणी न शिरणारा जोडणीचा डबा

■ पायरी पायरीने : घरगुती टाकीवर सेन्सर

पायरी १. वेळ निवडा. काम भल्या पहाटे किंवा ऊन उतरल्यावर करावं. दुपारी टाकीतलं पाणी ७०-८० अंशांवर असू शकतं. नळ्यांवर आधी ताडपत्री किंवा जाड चादर टाकावी. बॅकअप हीटरचं बटण बंद करून एमसीबीही खाली पाडावा.

पायरी २. खिसा शोधा. अनेक टाक्यांना एका बाजूला सेन्सरसाठी बारीक बंद नळी आधीच दिलेली असते. तिच्यावर रबरी बूच असतं, म्हणून ती लक्षात येत नाही. टाकीसोबत आलेल्या कागदावर चित्र असतं, ते बघावं. खिसा सापडला तर टाकी रिकामी करण्याची गरज नाही.

पायरी ३. सेन्सर आत सरकवा. टोकाला थर्मल पेस्ट लावून सेन्सर खिशाच्या तळापर्यंत ढकलावा. मध्ये हवा राहिली तर आकडा कमी येतो आणि उशिरा बदलतो. बाहेरच्या तोंडाशी वायर क्लिपने पक्की करावी. ओढली गेली तरी सेन्सर बाहेर येता कामा नये.

पायरी ४. खिसा नसेल तर. गरम पाण्याच्या पाइपावर टाकीपासून वीतभर अंतरात टी-जोड टाकून त्यात सेन्सर नळी बसवता येते. त्यासाठी गार पाण्याचा कॉक बंद करून टाकीतलं पाणी गरम पाण्याच्या तोंडाखाली जाईपर्यंत उतरवावं लागतं. हे काम प्लंबरकडून करून घ्यावं. आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळावी आणि पाणी भरल्यावर गळती तपासावी.

पायरी ५. टी-जोडही नको असेल तर. टाकीच्या अगदी जवळ गरम पाण्याच्या धातूच्या पाइपावर सेन्सर आडवा ठेवून पेस्ट लावावी, अॅल्युमिनियमची पट्टी गुंडाळून क्लॅम्पने आवळावा आणि वरून फोम चढवावं. प्लास्टिकच्या पाइपावर ही पद्धत नीट चालत नाही. शिवाय पाइपावरचा सेन्सर पाणी वाहत असतानाच खरा आकडा देतो. नळ अर्धा-एक मिनिट सोडून मग आकडा वाचावा. असा सेन्सर बघण्यापुरता ठीक आहे. त्याच्यावर बॅकअप हीटर आपोआप चालवू नये.

पायरी ६. पाणी पुन्हा भरताना जपा. टाकी रिकामी केली असेल आणि नळ्या उन्हात कोरड्या तापल्या असतील तर त्यांच्यात गार पाणी सोडू नये. काच तडकते. नळ्या झाकून गार होऊ द्याव्यात, शक्यतो दुसऱ्या दिवशी सूर्य उगवण्याआधी पाणी भरावं.

■ या चार चुका टाळा

पहिली चूक, टाकीच्या बाहेरच्या पत्र्यावर सेन्सर चिकटवणे. बाहेरचा पत्रा आणि आतली टाकी यांच्यामध्ये पफचा जाड थर असतो. पाणी गरम राहावं म्हणूनच तो घातलेला असतो. त्यामुळे पत्र्यावरचा सेन्सर आतल्या पाण्याचं नाही, तर गच्चीवरच्या हवेचं आणि उन्हाचं तापमान सांगतो.

दुसरी चूक, टाकीला ड्रिलने भोक पाडणे. आतली टाकी पातळ पत्र्याची असते. भोक पडलं की गळती, पफ ओलं होणं आणि हमी रद्द होणं, तिन्ही एकदम.

तिसरी चूक आणि सर्वांत धोक्याची, हवेच्या नळीत सेन्सर सोडणे. टाकीवर उभी राहिलेली बारीक नळी पाहून अनेकांना वाटतं, "इथूनच वायर आत सोडू आणि चिंधी कोंबून तोंड बंद करू." ती नळी टाकीचा श्वास आहे. पाणी तापून वाढतं तेव्हा हवा आणि वाफ तिथून बाहेर जाते, टाकी रिकामी होते तेव्हा हवा तिथूनच आत येते. ती बुजली तर आत दाब वाढू शकतो, किंवा पाणी उतरताना टाकी चेपून आत बसू शकते. ती नळी कायम मोकळी ठेवावी.

चौथी चूक, सेन्सर उन्हात उघडा ठेवणे. पाइपावरच्या सेन्सरवर फोम नसेल तर तो दुपारी पाण्यापेक्षा जास्त आणि रात्री कमी आकडा दाखवतो.

■ पंपाची यंत्रणा असेल तर

वसतिगृह किंवा आश्रमशाळेच्या सोलरमध्ये कंट्रोलर दोन सेन्सरच्या आकड्यांतला फरक बघतो. पॅनल टाकीच्या तळापेक्षा साधारण ६ ते ८ अंशांनी जास्त तापलं की पंप सुरू, फरक ३-४ अंशांवर आला की बंद. दोन आकड्यांमध्ये अंतर ठेवलेलं नसेल तर पंप सारखा चालू-बंद होतो आणि मोटार लवकर जाते.

पॅनलचा सेन्सर ओळीतल्या शेवटच्या पॅनलच्या वरच्या, गरम तोंडाशी, शक्य तितका आतल्या बाजूला हवा. तो पॅनलपासून दोन-चार फूट लांब पाइपावर लावला तर घोटाळा होतो. पंप बंद असताना पॅनल तापतं, पण पाइपातलं पाणी गारच राहतं. सेन्सरला उष्णता कळत नाही, पंप सुरू होत नाही आणि पंप सुरू झाल्याशिवाय गरम पाणी सेन्सरपर्यंत येत नाही. ऊन कडक, पॅनल तापलेलं, तरी मुलांना गार पाणी. अनेकदा "पंप जळाला" असं समजून पंप बदलला जातो, दोष मात्र सेन्सरच्या जागेचा असतो.

दुसरा घोटाळा म्हणजे दोन सेन्सरच्या वायरींची अदलाबदल. मग कंट्रोलर टाकीलाच पॅनल समजतो. रात्री टाकी गरम आणि पॅनल गार, म्हणजे त्याच्या हिशोबाने पंप लावायची वेळ. दिवसभर साठवलेली उष्णता रात्रभर छतावर फिरून उडून जाते. रात्री दहा वाजता पंपाला हात लावून पाहावा. तो चालू असेल तर आधी या वायरी तपासाव्यात. अशा अदलाबदलीतून सुटका हवी असेल तर बसवतानाच दोन्ही टोकांना रंगीत टेप लावून "पॅनल" आणि "टाकी" असं लिहून ठेवावं.

पंप बंद असताना पॅनल फार तापतं. साधं पॅनल १५० अंशांच्या पुढे जाऊ शकतं, काचेच्या नळ्यांचं त्याहून जास्त. साध्या पीव्हीसी वायरची मर्यादा ७० अंशांच्या आसपास असते. म्हणून पॅनलच्या सेन्सरला सिलिकॉनची वायरच हवी. साधी वायर पॅनलपासून दूर, डब्यात जोडून पुढे न्यावी.

■ वायर ओढताना

• सेन्सरची वायर वीजपुरवठ्याच्या वायरसोबत एकाच पाइपात टाकू नये. आकडा उड्या मारतो आणि इन्सुलेशन खराब झालं तर सेन्सरच्या वायरीत २३० व्होल्ट उतरण्याचा धोका असतो.
• उघडी वायर उन्हाने वर्ष-दोन वर्षांत कडक होऊन तडकते. उंदीर, खारी, माकडं कुरतडतात, ते वेगळंच. पूर्ण वायर पाइपातून न्यावी.
• जोड कमीत कमी ठेवावेत. जो असेल तो सोल्डर करून डब्यात बंद करावा. नुसतं पिळून टेप मारलेल्या जोडाला पहिल्या पावसाळ्यात गंज चढतो आणि आकडा चुकू लागतो.
• डब्यात किंवा घरात शिरण्याआधी वायरीला खाली झोळ द्यावा, म्हणजे पावसाचं पाणी वायरीवरून आत न जाता तिथेच ठिबकतं.
• वायर वीज पडण्यापासून बचावासाठी लावलेल्या तारेला किंवा अँटेनाच्या खांबाला बांधू नये.

■ हीटर आपोआप चालवायचा असेल तर हे वाचाच

बॅकअप हीटर साधारण २ किलोवॉटचा असतो. त्याला स्वतःचा थर्मोस्टॅट असतो आणि तो ठरावीक तापमानाला हीटर बंद करतो. नवीन डिजिटल कंट्रोलर बसवताना काही जण "आता याचं काय काम" म्हणून जुना थर्मोस्टॅट काढून वायर थेट जोडतात. हे कधीच करू नये.

कारण साधं आहे. एनटीसी सेन्सरची वायर उंदराने तोडली तर कंट्रोलरला रोध प्रचंड वाढलेला दिसतो, म्हणजे त्याच्या भाषेत "पाणी बर्फासारखं गार". सेन्सर खिशातून निसटून बाहेर लोंबला तरी तसंच. चांगला कंट्रोलर अशा वेळी बिघाड दाखवून हीटर बंद करतो, पण साधा कंट्रोलर हीटर चालूच ठेवतो. तेव्हा पाणी उकळण्यापासून वाचवणारा शेवटचा राखणदार म्हणजे तो जुना थर्मोस्टॅट. तो कायम हीटरच्या ओळीतच राहिला पाहिजे. नवा कंट्रोलर त्याच्या आधी जोडावा, त्याच्याऐवजी नाही.

बाकीच्या गोष्टी :

• २ किलोवॉटचा हीटर जवळपास ९ अँपिअर ओढतो. छोट्या बोर्डावरच्या १० अँपिअरच्या रिलेवर तो तासन्‌तास चालवू नये, रिले वितळतो. कंट्रोलरने कॉन्टॅक्टर चालवावा आणि कॉन्टॅक्टरने हीटर.
• अर्थिंग पक्कं हवं आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने कॉइल लवकर खराब होते. फुटलेल्या कॉइलमधून पाण्यात करंट उतरू शकतो.
• हे जोडकाम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावं.

कंट्रोलरवर तापमान किती लावावं, तर आंघोळीसाठी ४५ ते ५० अंश पुरतात. ६० अंशांचं पाणी अंगावर पडलं तर काही सेकंदांत भाजतं. लहान मुलांची आणि म्हाताऱ्या माणसांची कातडी नाजूक असते, त्यांना आणखी लवकर. मात्र हीटर ५० वर बंद झाला तरी ऊन काही ५० वर थांबत नाही. उन्हाळ्यात किंवा चार दिवस घर बंद असेल तर पाणी ७०-८० पर्यंत जाऊ शकतं. म्हणून बादलीत आधी गार पाणी घ्यावं, मग गरम सोडावं. डिस्प्ले न्हाणीघराबाहेर, घरातल्या सगळ्यांना दिसेल अशा जागी लावला तर मुलाला नळाखाली बसवण्याआधी आकड्याकडे नजर जाते.

■ बिलाचा हिशोब

१०० लिटर पाणी २० अंशांवरून ६० पर्यंत विजेने तापवायला सुमारे ४.६५ युनिट लागतात. २ किलोवॉटच्या हीटरला त्यासाठी सव्वादोन तासांहून थोडा जास्त वेळ लागतो.

आता समजा, सेन्सर चुकीच्या जागी आहे आणि खऱ्यापेक्षा १० अंश कमी दाखवतोय. हीटर रोज १० अंश जास्त तापवणार. १०० लिटरला त्याचे सुमारे १.१६ युनिट होतात, म्हणजे महिन्याला साधारण ३५ युनिट. टाकी २०० लिटरची असेल तर ७०. सोलर बसवूनही "बिल काही कमी होत नाही" अशी तक्रार असेल तर आधी इथे बघावं.

दुसरी बचत वेळेची. रात्रीच हीटरने पाणी ६० अंशांवर नेऊन ठेवलं आणि पहाटे ते वापरलं गेलं नाही, तर दिवसा उन्हाला तापवायला काही उरतच नाही. त्यापेक्षा संध्याकाळी आकडा बघावा. गरज असेल तरच टायमर लावून पहाटे आंघोळीच्या तासभर आधी हीटर चालवावा.

■ आकडा काय सांगतो?

• स्वच्छ ऊन, पाणी वापरलं नाही, तरी सकाळपासून संध्याकाळपर्यंत आकडा जेमतेम १०-१२ अंशच वाढला : नळ्या किंवा काच धुळीने माखली आहे, सावली पडतेय, किंवा आत क्षार साचले आहेत.
• रात्रीतून कोणी पाणी न वापरता १०-१५ अंश उतरले : गरम पाण्याचा नळ कुठेतरी ठिबकतोय, पफ ओलं झालंय, किंवा पंपाच्या यंत्रणेत पाणी उलटं फिरतंय.
• आकडा शून्याच्या खाली किंवा शंभराच्या खूप वर : वायर तुटली किंवा दोन वायरी चिकटल्या.
• आकडा क्षणाक्षणाला उड्या मारतोय : जोड ढिला आहे किंवा विजेच्या वायरीशी सलगी झाली आहे.
• आकडा ५५, पण नळाला कोमट पाणी : लांब पाइपात गार पाणी साचलेलं आहे किंवा मिक्सर नळातून गार पाणी गरम पाण्याच्या लाइनीत घुसतंय. सेन्सरचा दोष नाही.

■ वर्षातून एकदा एवढं करा

पावसाळा संपला आणि दसरा-दिवाळीची साफसफाई निघाली की गच्चीवरही एक फेरी मारावी. नळ्या पुसाव्यात, जोडणीचा डबा उघडून गंज आहे का बघावं, वायरीचा पाइप फुटला नाही ना हे पाहावं आणि हवेची नळी मोकळी आहे का तपासावी. सेन्सर खिशातून बाहेर काढून एकदा बर्फाच्या पेल्यात धरावा. शून्याजवळ आला तर पेस्ट लावून परत आत, नाही आला तर नवा.

सेन्सर हा सगळ्या यंत्रणेतला सर्वांत स्वस्त भाग असतो. पण पाणी गरम आहे की नाही आणि हीटर चालू राहील की बंद होईल, हे घरातली सगळी माणसं त्याच्याच भरवशावर ठरवतात. म्हणून बसवल्यावर पहिल्याच दिवशी एक काम करावं. बादलीत नळाचं गरम पाणी घ्यावं, साध्या थर्मामीटरने मोजावं आणि डिस्प्लेवरच्या आकड्याशी जुळवावं. तापाचा थर्मामीटर मात्र यासाठी वापरू नये, तो साधारण ४२ अंशांपर्यंतच मोजतो. दोन-तीन अंशांचा फरक पाइपात जातो, तो चालेल. दहा अंशांचा फरक दिसला तर कारागीर गच्चीवरून खाली उतरण्याआधीच त्याला परत वर पाठवावं.